क्ष-किरण टोमोग्राफीसाठी चार सेन्सर: कोण किती उजेड गोळा करतो

सिंटिलेटरचा (क्ष-किरण शोषून दृश्य उजेड देणाऱ्या पदार्थाचा) पडदा, ४५ अंशांत बसवलेला आरसा, भिंग आणि त्यामागे कॅमेरा अशी मांडणी करून, फिरत्या टेबलावरच्या नमुन्याची अनेक कोनांतून क्ष-किरण चित्रे (प्रक्षेपणे) घेऊन त्यांवरून आतले छेद पुन्हा रचणारे छोटे सीटी यंत्र उभारायचे ठरले की पहिला वाद सेन्सरवरून होतो. फोटोग्राफीची सवय असलेला माणूस मेगापिक्सेल विचारतो, औद्योगिक कॅमेरे वापरणारा सेकंदाला फ्रेम किती ते विचारतो. टोमोग्राफीत हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायचे ते असे: पडद्यात शोषल्या गेलेल्या एका क्ष-किरण फोटॉनमागे सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन किती तयार होतात? हा आकडा एकाच्या खाली असेल तर बाकीची सगळी वैशिष्ट्ये कागदावरच राहतात.

इथे सोनीचे चार सेन्सर घेतले आहेत, सगळे मोनोक्रोम (रंगफिल्टर नसलेले): आयएमएक्स १७४, आयएमएक्स १८३, आयएमएक्स ५७१ आणि आयएमएक्स ४५५. पहिला औद्योगिक कॅमेऱ्यांत आढळतो, उरलेले तीन खगोलछायाचित्रणाच्या कूल्ड कॅमेऱ्यांत सर्रास मिळतात. तुलनेसाठी अट एकच ठेवली आहे: १०० मिमी बाय १०० मिमीचा पडदा पूर्ण दिसला पाहिजे, पडदा टर्बियमयुक्त गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचा (कामाच्या बोलीत ‘गॉस’), भिंग एफ/१.४ (हा एफ-क्रमांक; तो लहान तितके भिंगाचे तोंड मोठे).

आधी हिशेब

गॉस पडदा शोषलेल्या ऊर्जेच्या दर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमागे साधारण ६० प्रकाशकण देतो, ५४५ नॅनोमीटरच्या हिरव्या रंगात. म्हणजे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका क्ष-किरणामागे ३६०० कण. त्यातले निम्मे कॅमेऱ्याच्या बाजूने बाहेर पडले असे उदारपणे धरू, १८०० झाले. आता भिंगाचा वाटा. पावडरच्या पडद्यातून उजेड सगळीकडे पसरतो, त्यातला भिंगाला मिळणारा अंश असा निघतो: विवर्धनाचा वर्ग, भागिले ४ गुणिले एफ-क्रमांकाचा वर्ग गुणिले (१ + विवर्धन) चा वर्ग.

विवर्धन म्हणजे सेन्सरची आखूड बाजू भागिले १०० मिमी. सगळी मेख इथे आहे. सेन्सर लहान असेल तर तेवढाच पडदा त्यावर मावण्यासाठी प्रतिमा जास्त आक्रसावी लागते, भिंग लांब न्यावे लागते आणि उजेड जवळपास वर्गाच्या प्रमाणात घटतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आयएमएक्स १७४ ची आखूड बाजू ७.१ मिमी, विवर्धन ०.०७१. आयएमएक्स १८३ ची ८.८ मिमी, विवर्धन ०.०८८. आयएमएक्स ५७१ ची १५.७ मिमी, विवर्धन ०.१५७. आयएमएक्स ४५५ ची २४ मिमी, विवर्धन ०.२४. आरसा आणि भिंगातली घट १५ टक्के धरली, सेन्सरची क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी इलेक्ट्रॉन देणाऱ्यांचा वाटा) ८० टक्के धरली (१७४ साठी थोडी कमी), तर एका शोषित क्ष-किरणामागे इलेक्ट्रॉन पडतात ते असे: १७४ मध्ये ०.७ च्या आसपास, १८३ मध्ये १, ५७१ मध्ये ३, ४५५ मध्ये ६.

हे आकडे कागदावरचे आहेत. पडद्याची जाडी, क्ष-किरण नळीचा व्होल्टेज, फिल्टर यांनी ते वरखाली होतील, पण चौघांमधले गुणोत्तर फारसे हलणार नाही, कारण ते नुसत्या भूमितीतून आले आहे.

त्याचा चित्रावर काय परिणाम

क्ष-किरणांचा स्वतःचा नॉइज (आकड्यांतला यादृच्छिक चढउतार) टाळता येत नाही. कॅमेऱ्याचे काम एवढेच की त्यात आपली भर घालू नये. प्रति क्ष-किरण इलेक्ट्रॉन ‘ग’ मानले, पिक्सेलवर शोषलेले क्ष-किरण ‘न’ आणि रीड नॉइज (पिक्सेल वाचताना पडणारी भर) ‘र’ मानला, तर मूळ माहितीपैकी टिकणारा अंश ढोबळमानाने १ भागिले (१ + १/ग + र²/(ग²न)) इतका. पडद्यात उजेड शेजारच्या पिक्सेलवर पसरतो तो परिणाम यात धरलेला नाही.

चौघांची तुलना सारख्या मापावर व्हावी म्हणून पडद्यावरचा साधारण ८२ मायक्रॉनचा चौकोन घेऊ. १७४ चा एक पिक्सेल (५.८६ मायक्रॉन) पडद्यावर नेमका एवढाच पडतो. १८३ चे (२.४ मायक्रॉन) ३ बाय ३ पिक्सेल लागतात, ४५५ चे (३.७६ मायक्रॉन) ५ बाय ५. सीमॉस सेन्सरमध्ये हे एकत्रीकरण वाचनानंतर होते, त्यामुळे ५ बाय ५ ला रीड नॉइज पाचपट होतो, हे विसरू नये.

उजेडाच्या जागी, जिथे चौकोनामागे २०० क्ष-किरण शोषले जातात, तिथे १७४ कडे सुमारे ३२ टक्के माहिती टिकते, १८३ कडे ४६, ५७१ कडे ७४ आणि ४५५ कडे ८५. खरी परीक्षा धातूच्या किंवा जाड भागाच्या सावलीत होते. तिथे २० च क्ष-किरण पोचले तर १७४ घसरून १२ टक्क्यांवर येतो, १८३ साधारण २६ वर, ५७१ हा ६८ वर. ४५५ मात्र ८० च्या आसपास राहतो. ५ बाय ५ चा रीड नॉइज साडेसात इलेक्ट्रॉन होऊनही तो टिकतो, कारण तिथे मुळात संकेतच मोठा आहे.

वेळेच्या भाषेत सांगायचे तर ३२ टक्के आणि ८५ टक्के यांत जवळपास पावणेतीन पटींचा फरक आहे. तेवढ्याच दर्जाच्या चित्रासाठी १७४ वाल्याला नळी पावणेतीनपट वेळ चालवावी लागेल, आणि जाड भागासाठी सहापटींहून जास्त.

एकेकाबद्दल

आयएमएक्स १७४ हा ग्लोबल शटरचा सेन्सर. १९३६ बाय १२१६ पिक्सेल, भरण्याची क्षमता (एका पिक्सेलमध्ये मावणारे इलेक्ट्रॉन) सुमारे ३२ हजार इलेक्ट्रॉन, रीड नॉइज ७ च्या आसपास. फ्रेमचा वेग चांगला, सगळ्या ओळी एकाच क्षणी उघडतात, त्यामुळे टेबल न थांबवता फिरवत चित्रे घेता येतात. पण पूर्ण पडदा पाहण्यासाठी तो या चौघांत सगळ्यात कमकुवत. प्रयोगशाळेतल्या नळीला तसाही इतका उजेड नसतो की सेकंदाला शंभर फ्रेम घ्याव्यात. वेग आहे पण त्यात भरायला फोटॉन नाहीत. ४० मिमीपेक्षा लहान नमुना असेल तरच त्याचा विचार करावा.

आयएमएक्स १८३ कागदावर फार मोहक दिसतो: २ कोटी पिक्सेल, मागून प्रकाशित रचना, रीड नॉइज २ इलेक्ट्रॉनच्या आसपास. अडचणी तीन. पिक्सेल २.४ मायक्रॉनचा, त्यात १५ हजार इलेक्ट्रॉन मावतात, म्हणजे एका पिक्सेलला एका फ्रेममध्ये १२० च्या वर संकेत-नॉइज गुणोत्तर मिळणारच नाही. दुसरी, पडद्यावर त्याचा पिक्सेल २७ मायक्रॉनचा पडतो आणि १०० मायक्रॉन जाडीचा पावडरचा पडदा त्याहून कितीतरी जास्त पसरवतो. म्हणजे बहुतेक पिक्सेल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतात. तिसरी अडचण कडेच्या ॲम्प-ग्लोची, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे येणाऱ्या चमकेची. लांब एक्स्पोजरमध्ये एका बाजूने उजळ पंखा पसरतो. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले चित्र) वजा केल्यावर तो दिसेनासा होतो, पण त्याचा नॉइज तिथेच राहतो. लहान नमुन्यांसाठी आणि शिकण्यासाठी हा चांगला सेन्सर आहे. त्याला एफ/०.९५ चे भिंग लावले तर उजेड दुपटीहून थोडा जास्त वाढतो. मात्र अशी भिंगे पूर्ण उघडी ठेवली की कडांना मऊ पडतात, आणि टोमोग्राफीत कड मऊ म्हणजे पुनर्रचित चित्राचा बाहेरचा घेर मऊ.

आयएमएक्स ५७१ हा समतोल पर्याय. ६२४८ बाय ४१७६ पिक्सेल, १६ बिटांचे वाचन, सुमारे ५० हजार इलेक्ट्रॉनची क्षमता, ॲम्प-ग्लो जवळजवळ नाही. कूल्ड कॅमेऱ्यांत गेनच्या (संकेत वाढवण्याच्या पातळीच्या) एका ठरावीक पायरीवर रीड नॉइज एकदम खाली येतो (अंतर्गत मांडणी बदलते म्हणून) आणि त्या पायरीवर क्षमता मात्र आणखी घटत नाही. ती पायरी कॅमेऱ्याच्या आलेखात शोधावी आणि कायम तिथेच काम करावे. त्याच्या किंचित अलीकडे थांबणे म्हणजे दोन्हीकडचा तोटा.

आयएमएक्स ४५५ मध्ये पिक्सेल तोच, क्षेत्र ३६ बाय २४ मिमी. चौरस पडद्यासाठी मधला २४ बाय २४ मिमीचा भागच लागतो, आणि हे सोयीचेच आहे: भिंगाचे सर्वात वाईट कोपरे आपोआप बाहेर राहतात. भिंग ५० मिमीचे असेल तर ०.२४ विवर्धनाला पडद्यापासून साधारण २६ सेमीवर यावे लागते, आणि नेहमीची ५० मिमीची भिंगे इतक्या जवळ फोकस होत नाहीत. फोकल लांबी गुणिले विवर्धन, म्हणजे १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब घालावी लागते. हे आधी मोजले नाही तर आरशाची पेटी बनवून झाल्यावर कळते की फोकसच बसत नाही. डेटाचा बोजाही मोठा. मधला ६३८८ बाय ६३८८ चा भाग १६ बिटांत ८० मेगाबाइटच्या वर जातो. १५०० प्रक्षेपणांचे १२० गिगाबाइट. चित्र घेतानाच २ बाय २ एकत्र केले तर ३० गिगाबाइटवर येते, आणि पडद्याची धूसरता पाहता त्यात काहीही गमावले जात नाही.

मोठा नमुना असेल आणि खर्च परवडत असेल तर ४५५, नाहीतर ५७१.

कॅमेरा हातात आल्यावर

उत्पादकाचे आकडे ईएमव्हीए १२८८ या कॅमेरा-मोजमापाच्या मानकाप्रमाणे दिलेले असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही. तरी हिरव्या एलईडीवर तासाभराचे काम करून स्वतः पाहावे. कॅमेरा ज्या तापमानाला वापरायचा त्यावर अर्धा तास स्थिर होऊ द्यावा. ड्रायव्हरमधली ‘हॉट पिक्सेल काढणे’, ‘नॉइज कमी करणे’ अशी सगळी बटणे बंद. मग ऑफसेट (प्रत्येक आकड्यात मिळवलेली ठरावीक भर) पाहावा: झाकण लावून एक डार्क फ्रेम घ्यावी, तिचा हिस्टोग्राम डावीकडे शून्यावर कापला गेला असेल तर तो पूर्ण दिसेपर्यंत ऑफसेट वाढवावा. कापलेला डार्क वजा केला की सावलीतल्या घनता चुकतात आणि ती चूक शेवटपर्यंत सापडत नाही.

त्यानंतर एकाच एक्स्पोजरच्या दोन-दोन फ्लॅट फ्रेम (नमुन्याविना, एकसारख्या उजेडाची चित्रे), क्षमतेच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत दहा पायऱ्यांत. जोडीतली एक दुसरीतून वजा करावी, फरकाचे व्हेरियन्स (चढउताराच्या वर्गाची सरासरी) काढून निम्मे करावे. वजाबाकीने धूळ आणि पिक्सेलमधली असमानता निघून जाते. सरासरी (डार्क वजा करून) भागिले व्हेरियन्स म्हणजे कॅमेऱ्याच्या आकड्यातल्या एका एककामागचे इलेक्ट्रॉन. पायऱ्या क्रमाने न घेता उलटसुलट घ्याव्यात, म्हणजे एलईडीचा तापत जाणारा उजेड सेन्सरच्या वक्रतेसारखा (आकडा उजेडाच्या प्रमाणात न वाढणे) दिसणार नाही.

याच पद्धतीचा सर्वात उपयोगी भाग नळी चालू केल्यावर येतो. एलईडीच्या उजेडात इलेक्ट्रॉनमध्ये मोजलेले व्हेरियन्स भागिले सरासरी १ येते. क्ष-किरणांच्या उजेडात ते १ + ग येते, कारण प्रत्येक क्ष-किरण इलेक्ट्रॉनांचा एक घोस सोडतो. म्हणजे वरचा सगळा कागदी हिशेब दोन फ्रेममध्ये तपासता येतो. दोन काळज्या घ्याव्या लागतात. पडद्यातल्या पसरण्यामुळे शेजारचे पिक्सेल एकमेकांशी जोडलेले असतात आणि व्हेरियन्स खोटे कमी दिसते, म्हणून आधी पडद्याच्या धूसरतेपेक्षा बरेच मोठे चौकोन होतील इतके पिक्सेल एकत्र करावेत. आणि नळीचा उजेड फ्रेमागणिक थोडा हलतो, म्हणून दोन्ही फ्रेमच्या सरासऱ्या समान करून मगच वजाबाकी करावी. आकडा अपेक्षेच्या निम्म्यावर आला तर दोष बहुधा सेन्सरचा नसतो; पडदा पातळ आहे, भिंगाचे छिद्र लहान करून ठेवले आहे किंवा आरसा मागून चांदी लावलेला साधा आहे (त्यात दुहेरी प्रतिबिंबही पडते, समोरून मुलामा दिलेलाच घ्यावा).

वर्तुळे, ठिपके, डाग

पुनर्रचित चित्रात अक्षाभोवती वर्तुळे दिसणे ही कॅमेरा-सीटीची नेहमीची तक्रार. सेन्सरवरचा एक पिक्सेल थोडा जरी वेगळा वागला तरी टेबल फिरताना त्याची चूक अक्षापासून ठरलेल्या अंतरावर फिरते आणि वर्तुळ उमटते. पिक्सेल कमी-अधिक संवेदनशील असणे हा मोठा प्रश्न नाही. फ्लॅट आणि डार्क वापरून (प्रक्षेपण वजा डार्क) भागिले (फ्लॅट वजा डार्क) केले की ते जाते. उरते ती वक्रता: फ्लॅट भर उजेडात घेतलेला असतो, नमुन्यामागे उजेड त्याच्या विसाव्या भागाइतका असतो, आणि तिथे प्रत्येक पिक्सेल आपापल्या परीने वाकडा असतो. म्हणून सेन्सर निवडताना सरळपणा, म्हणजे एक्स्पोजर दुप्पट झाल्यावर आकडा नेमका दुप्पट होतो का, हा समानतेपेक्षा महत्त्वाचा गुण आहे. एका टक्क्याहून जास्त वाकत असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या उजेडांचे फ्लॅट घेऊन तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करावी लागते. आणि फ्लॅट दोन-चार घेऊन भागत नाही; ३० ते ५० ची सरासरी घ्यावी, कारण फ्लॅटमधला उरलेला नॉइज प्रत्येक प्रक्षेपणात तसाच छापला जातो आणि तोही वर्तुळेच काढतो.

पांढरे एकाकी ठिपके वेगळे. विखुरलेला क्ष-किरण थेट सेन्सरवर आदळला की हजारो इलेक्ट्रॉन एकाच जागी उसळतात. पुनर्रचनेत त्याची सरळ रेघ होते. एका कोनाला तीन छोट्या फ्रेम घेऊन मध्यमा (तिन्हींतला मधला आकडा) घेतली की ते जातात. ४५५ आणि ५७१ सारख्या कमी रीड नॉइजच्या सेन्सरवर फ्रेम तोडण्याचा दंडही लहान असतो. पण ठिपक्यांची संख्या जास्त असेल तर गणितापेक्षा शिसे वाढवावे. कॅमेऱ्याच्या पेटीला शिशाचा पत्रा आणि भिंगापुढे शिसेयुक्त काच लावावी. पडद्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सरळ रेषेत कुठेही फट नसावी. हे न केल्यास हॉट पिक्सेलची संख्या महिन्यागणिक वाढत जाते आणि डार्क फ्रेमचा संग्रह सारखा नव्याने करावा लागतो.

रोलिंग शटरचा बाऊ करण्याचे कारण नाही. १८३, ५७१, ४५५ तिघेही ओळीओळीने उघडतात, पण टेबल थांबवून चित्र घेण्याच्या पद्धतीत त्याने काही बिघडत नाही. एकच पथ्य: कॅमेरा अखंड चालू ठेवला असेल तर टेबल थांबल्यानंतरची पहिली फ्रेम टाकून द्यावी, तिच्यातल्या काही ओळी हालचाल सुरू असतानाच उघडलेल्या असतात.

कूलिंगही गरजेपुरतेच. डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने साठणारे इलेक्ट्रॉन) दर ६ ते ७ अंश सेल्सियसला निम्मा होतो. एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरला उणे १० पुरेसे आहे. त्याखाली गेले की खिडकीवर दव धरायला लागते आणि दवाचा डाग फ्लॅटमध्ये एक असतो, प्रक्षेपणात दुसरा. तापमान किती खाली हे कमी महत्त्वाचे, फ्लॅट, डार्क आणि सगळी प्रक्षेपणे एकाच तापमानाला झाली पाहिजेत.

फोकसचे एक सांगायला हवे. पांढऱ्या उजेडात पट्टी चिकटवून फोकस केलेले भिंग हिरव्या ५४५ नॅनोमीटरला नेमके बसेलच असे नाही, विशेषतः एफ/१.४ ला. हिरव्या एलईडीवर ढोबळ जमवावे आणि शेवटचा फेरफार नळी चालू करून, पडद्याला चिकटवलेल्या बारीक तांब्याच्या जाळीवर, दूरनियंत्रित मोटरने करावा.

जुना डीएसएलआर चालेल का

चालतो, पण महाग पडतो, कारण वेळ जातो. रंगीत सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवे असतात; गॉसचा हिरवा उजेड उरलेल्या लाल-निळ्यांपर्यंत फारसा पोचत नाही. क्षेत्र मोठे असूनही निम्मा उजेड वाया. शिवाय काही कॅमेरे रॉ फाइलमध्येही एकाकी पिक्सेल गुपचूप ‘साफ’ करतात, आणि त्यावर मोजलेले व्हेरियन्स काहीच खरे सांगत नाही. जेपीईजीचा तर विचारही नको. त्यातला उजेडाचा वक्र लॉगॅरिदम घेण्याआधीच सगळ्या घनता वाकवून टाकतो.

जिथे नियम उलटतो

पडदा २०० मिमीच्या पुढे गेला की ४५५ देखील १७४ च्या वाटेला लागतो आणि भिंगाचा मार्ग सोडावा. तिथे सीझियम आयोडाइडचा थर थेट बसवलेला फ्लॅट पॅनेल घ्यावा. त्याचा रीड नॉइज शेकडो इलेक्ट्रॉनचा असला तरी मध्ये भिंगच नसल्याने एका क्ष-किरणामागे संकेतही शेकड्यांनी मिळतो.

उलट टोकाला, नमुना एक-दोन मिमीचा आणि तपशील काही मायक्रॉनचा हवा असेल, तर १० ते २० मायक्रॉन जाडीचा ल्यूॲगचा (ल्युटेशियम ॲल्युमिनियम गार्नेटचा) पारदर्शक स्फटिक आणि सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह लागते. आता उजेड ठरवतो तो ऑब्जेक्टिव्हचा न्युमेरिकल ॲपर्चर (किती रुंद कोनातला उजेड ते घेते याचे माप). सेन्सरच्या आकाराने फक्त दृश्यक्षेत्र बदलते. ०.४ ॲपर्चरला स्फटिकात निर्माण झालेल्या उजेडापैकी सव्वा टक्क्याच्या आसपास भाग हाती येतो, म्हणजे २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणामागे पाचेक इलेक्ट्रॉन, मग कॅमेरा कोणताही असो. इथे ५.८६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ग्लोबल शटरवाला १७४ पुन्हा खेळात येतो: ४ पट विवर्धनाला त्याचा पिक्सेल नमुन्यावर दीड मायक्रॉनचा पडतो, आणि अशा ठिकाणी ४५५ चे निम्म्याहून अधिक क्षेत्र ऑब्जेक्टिव्हच्या प्रतिमावर्तुळाबाहेर अंधारात बसून राहते.